एकच डीएनए, दोनशे कामं: शरीरातल्या पेशी काय करतात आणि कुठे अडतात

त्वचेच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच असतो. 46 गुणसूत्रं, प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे 20,000 जनुकं, आणि सरळ उलगडला तर जवळजवळ 2 मीटर भरेल एवढा धागा. तरीही त्वचेची पेशी महिनाभरात झडून जाते आणि मेंदूतली पेशी माणसाला जन्मभर साथ देते. फरक पडतो तो कोणती जनुकं वाचली जातात यामुळे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत इन्सुलिनचं जनुक उघडं असतं. स्नायूच्या पेशीत तेच जनुक घट्ट गुंडाळून बंद करून ठेवलेलं असतं. अशी काही जनुकं उघडी आणि बाकीची बंद ठेवत शरीरात 200 हून जास्त प्रकारच्या पेशी तयार होतात.

पण एखाद्या कामात तरबेज व्हायचं तर पेशीला त्याची किंमत मोजावी लागते. कुणी केंद्रक टाकून देते, कुणी विभाजन कायमचं थांबवते, कुणी आयुष्यच तीन-चार दिवसांचं करून घेते. म्हणून कोणत्याही पेशीबद्दल दोन गोष्टी विचाराव्यात: तिनं काय कमावलं आणि त्यासाठी काय सोडलं? दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होतं. खरं तर आजार कसा होतो, रक्ताच्या चाचणीत नेमकं काय दिसतं आणि औषध कुठे लागू पडतं, हे बहुतेक वेळा तिथूनच उलगडतं.

सगळ्या पेशींमध्ये सारखं काय

पेशीभोवती स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचं पातळ आवरण असतं. त्यातून पाणी आणि वायू थोडेफार आरपार जातात. पण सोडियम, पोटॅशियम, साखर यांना स्वतःहून जाता येत नाही. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांचे दरवाजे आणि पंप बसवलेले असतात. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा सोडियम-पोटॅशियम पंप. तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. परिणामी पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे 30 पट जास्त, आणि सोडियम मात्र बाहेर जास्त, अशी स्थिती कायम राहते. ही तफावत म्हणजे साठवलेली ऊर्जाच. चेतापेशी तिच्यावर संदेश पाठवते, आतड्याची पेशी तिच्यावर साखर ओढून घेते.

पंप चालायला एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू लागतो. ते बहुतांश मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, ऑक्सिजनच्या मदतीनं बनतं. शरीरात एटीपीचा साठा कोणत्याही क्षणी फार थोडा असतो. तेच रेणू दिवसभरात पुन्हा पुन्हा वापरले जातात. त्यामुळे रक्तपुरवठा तुटला की पहिला धक्का पंपाला बसतो. सोडियम आत साचतं, त्याच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते आणि शेवटी फुटते.

पेशीत पोटॅशियम किती भरलेलं असतं याचा अनुभव प्रयोगशाळेत नेहमी येतो. रक्त घेताना सुई बारीक असली, नमुना जोरात हलवला किंवा सिरिंज जोर लावून ओढली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. रक्तातली पातळी प्रत्यक्षात 4 असली तरी अहवालात 6 येऊ शकते. म्हणून अनपेक्षितपणे जास्त पोटॅशियम दिसलं आणि माणसाला काहीच त्रास नसला, तर डॉक्टर आधी नमुना पुन्हा मागवतात.

तांबडी पेशी: जिनं जवळजवळ सगळंच टाकून दिलं

शरीरातल्या सुमारे 30 लाख कोटी पेशींपैकी 25 लाख कोटींच्या आसपास एकट्या तांबड्या रक्तपेशी आहेत. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी संख्येनं 1 टक्कासुद्धा भरत नाहीत, पण आकारानं त्या इतक्या मोठ्या की पेशींच्या एकूण वजनाचा तीन चतुर्थांश भाग त्यांचाच. पेशींची संख्या आणि पेशींचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होते. परिपक्व होताना ती आपलं केंद्रक बाहेर ढकलून देते आणि मायटोकॉन्ड्रियाही काढून टाकते. रिकाम्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू मावतात आणि प्रत्येक रेणू 4 ऑक्सिजन रेणू वाहतो. मायटोकॉन्ड्रियाच नसल्यामुळे वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनपैकी कणभरही ती स्वतःसाठी वापरत नाही. तिचं भागतं ते ऑक्सिजनशिवाय साखर तोडून. तिचा व्यास 7 ते 8 मायक्रॉन, आकार दोन्ही बाजूंनी खोलगट. केंद्रक नसल्यानं ती दुमडते आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही सरकत जाते.

याची किंमत म्हणजे दुरुस्ती बंद. नवं प्रथिन बनवायला सूचनाच उरलेल्या नसतात. आवरण हळूहळू ताठर होत जातं आणि सुमारे 120 दिवसांनी प्लीहेच्या बारीक फटींतून पेशी निघू शकली नाही की तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. लोह परत मज्जेकडे जातं आणि उरलेल्या भागापासून पिवळा बिलिरुबिन बनतो. पेशी वाजवीपेक्षा जास्त वेगानं फुटू लागल्या की डोळे पिवळे दिसतात, ते यामुळेच. रोज लागणाऱ्या 20 ते 25 मिलिग्रॅम लोहापैकी बहुतेक सगळं या जुन्या पेशींमधूनच परत मिळतं. अन्नातून शोषलं जातं ते जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. म्हणून रोज थोडंथोडं रक्त जात राहिलं, तर ते लोह नुसत्या आहारातून भरून काढणं अवघड होतं.

मधुमेहात केली जाणारी एचबीए1सी चाचणी याच 120 दिवसांवर उभी आहे. पेशी रक्तात फिरत असताना साखर हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, म्हणून चिकटलेलं प्रमाण पाहून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगता येते. मात्र पेशी वेळेआधीच फुटत असतील, तर साखर चिकटायला वेळ कमी मिळतो आणि आकडा फसवा, कमी येतो. सिकल सेल आजारात पेशी 120 ऐवजी 10 ते 20 दिवसच जगते. तिथे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच काय तो फरक. पण ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि केशवाहिनीत अडकते.

किती पेशी बनवायच्या हे मज्जा स्वतः ठरवत नाही. रक्तातला ऑक्सिजन मूत्रपिंडातल्या काही पेशी मोजतात आणि तो कमी पडला की एरिथ्रोपोएटिन हे मज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक सोडतात. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्त कमी होतं ते यामुळे. अशा वेळी नुसतं लोह देऊन काम भागत नाही. ते संप्रेरकही इंजेक्शननं द्यावं लागतं.

प्लेटलेट तर पूर्ण पेशीही नव्हे. मज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे सुटलेले तुकडे म्हणजे प्लेटलेट, आयुष्य 7 ते 10 दिवस. त्यांनाही केंद्रक नसतं, आणि ॲस्पिरिनची अवघी करामत त्यावर चालते. गुठळी बनायला मदत करणारं एक एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं निकामी करतं. इतर पेशी ते पुन्हा बनवू शकतात, प्लेटलेटला ते जमत नाही. औषध काही तासांत रक्तातून निघून जातं, पण परिणाम प्लेटलेट मरेपर्यंत राहतो. काही शस्त्रक्रियांआधी ॲस्पिरिन आठवडाभर बंद ठेवायला सांगतात ते याच हिशेबानं. हृदयात स्टेंट असलेल्यांनी मात्र ती स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नये.

आतड्याची पेशी आणि एका लिटर पाण्याचं गणित

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे उंचवटे असतात, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे. त्यांच्या तळाशी असलेल्या खाचांत मूळपेशी सतत विभागत असतात. नवी पेशी वर सरकत जाते, वाटेत शोषणाचं काम शिकते आणि 3 ते 5 दिवसांनी टोकाला पोचून गळून पडते. आम्ल, पाचक रस आणि जंतू यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या पेशीला दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदलून टाकणं परवडतं. पण ज्या ऊतीत विभाजन अखंड चालू असतं, तिच्यावर विभाजन रोखणारी औषधं सगळ्यांत आधी आदळतात. केमोथेरपीत तोंड येणं, जुलाब, केस गळणं आणि पांढऱ्या पेशी घटणं हे एकत्र का दिसतं, तर या चारही ठिकाणच्या पेशी भराभर विभागणाऱ्या आहेत.

या पेशीच्या वरच्या कडेला एक प्रथिन असतं. ते एका ग्लुकोज रेणूबरोबर 2 सोडियम आत घेतं. दोन्ही मिळाले तरच ते काम करतं. पेशीच्या मागच्या बाजूचा पंप सोडियम सतत बाहेर काढत असल्यामुळे आत सोडियमचा तुटवडा असतो, आणि त्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं. सोडियम व ग्लुकोज पलीकडे गेले की त्यांच्यामागून पाणी जातं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली प्राग इथे मांडली.

पटकीच्या जंतूचं विष नेमकं दुसऱ्या बाजूनं हल्ला करतं. ते पेशीतला एक संदेश ‘चालू’ स्थितीत अडकवून ठेवतं. क्लोराइडचे दरवाजे उघडे राहतात, क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी आतड्यात ओतत राहतं. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण सोडियम-ग्लुकोजचा दरवाजा या विषानं बिघडत नाही. म्हणजे पाणी बाहेर ओतणारी वाट बंद करता आली नाही तरी आत घेणारी वाट पूर्ण क्षमतेनं चालवता येते. ओआरएस ते करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रात 1 लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरला 75 मिलिमोल, म्हणजे एकास एक.

प्रमाण चुकलं की उलटं घडतं. साखर जास्त पडली तर न शोषलेली साखर आतड्यातच पाणी ओढून धरते आणि जुलाब वाढतात. पाणी कमी घातलं तर रक्तातलं सोडियम वाढतं. लहान मुलांत हे फार धोक्याचं. नुसतं पाणी दिलं तर सोडियम भरून निघत नाही. म्हणून लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच, सगळंच्या सगळं एकदम विरघळवायचं. अर्ध्या पेल्यात चिमूटभर टाकून नव्हे. मूल ओकत असेल तर पाच-दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पुन्हा सुरू करायचं. औषधाच्या दुकानात मिळणारी इतकी साधी आणि पेशीच्या कारभाराला इतकी चपखल बसणारी दुसरी वस्तू दाखवणं कठीण आहे.

जठराची गोष्ट थोडक्यात. तिथल्या काही पेशी एटीपी खर्चून हायड्रोजन आयन बाहेर ढकलतात आणि जठराचं पीएच 1 ते 2 पर्यंत खाली आणतात. ओमेप्राझोल हा पंप बंद करतं, पण चालू असलेलाच. जेवणानं पंप जागे होतात, त्यामुळे गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची. पोटभर जेवून झोपताना घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते.

बीटा पेशी: साखर मोजणारी यंत्रणा

निरोगी माणसाच्या संपूर्ण रक्तात ग्लुकोज असतं जेमतेम 5 ग्रॅम, एक चहाचा चमचा. तेवढ्याच पातळीवर ते टिकवायचं काम स्वादुपिंडातल्या बीटा पेशी करतात. स्वादुपिंडात पेशींची सुमारे 10 लाख छोटी बेटं विखुरलेली असतात, आणि सगळी मिळून त्या ग्रंथीच्या वजनाच्या 1 ते 2 टक्केच भरतात.

बीटा पेशीत ग्लुकोज विनाअडथळा शिरतं. बाहेर जेवढं, जवळजवळ तेवढंच आत. आत गेल्यावर ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला पकडतं. या एन्झाइमची खुबी अशी की साखर कमी असताना ते मंद असतं आणि जेवणानंतरच्या पातळीला वेग घेतं. त्यामुळे पेशीत किती एटीपी बनतं हेच रक्तातल्या साखरेचं माप ठरतं. एटीपी वाढलं की आवरणातला पोटॅशियमचा एक दरवाजा मिटतो. बाहेर जाणारं पोटॅशियम अडलं, की आवरणावरचा विद्युतभार बदलतो आणि कॅल्शियमचे दरवाजे उघडतात. कॅल्शियम आत आलं की इन्सुलिननं भरलेल्या पिशव्या आवरणाला चिकटून रिकाम्या होतात. एका पेशीत अशा सुमारे 10,000 पिशव्या तयार असतात, म्हणून जेवणानंतर काही मिनिटांतच पहिली लाट येते.

ही साखळी पायरीपायरीनं माहीत असली की औषधांचं वागणंही कळतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तो पोटॅशियमचा दरवाजा थेट मिटवतात, साखर किती आहे ते न बघता. त्यामुळे गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर धोकादायक खाली जाते. आणि काही बाळांना जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो, कारण त्यांच्यात हा दरवाजा जनुकातल्या दोषामुळे मिटतच नाही. इन्सुलिन बनलेलं असतं, पिशव्या भरलेल्या असतात, फक्त सुटत नाहीत. अशा अनेक बाळांचं इन्सुलिनचं इंजेक्शन थांबवून याच जातीच्या गोळीवर भागतं. म्हणूनच इतक्या लहान वयात मधुमेह दिसला की जनुकीय तपासणी करून घ्यावी, हा आग्रह अगदी रास्त आहे.

टाइप 1 मधुमेहात प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. मोठ्या माणसात बीटा पेशी फारच कमी विभागतात, त्यामुळे गेलेल्या भरून येत नाहीत आणि इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं.

इन्सुलिन सुटल्यावर ते ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या. स्नायूची पेशी ग्लुकोजचे दरवाजे आत पिशव्यांत दडवून ठेवते आणि इन्सुलिन आलं की ते आवरणावर आणून लावते. स्नायू आकुंचन पावतानाही हे दरवाजे वर येतात, इन्सुलिनशिवाय. जेवणानंतर चालण्यानं साखर उतरते ती या वाटेनं, आणि इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरातही ही वाट खुली असते. चेतापेशींना मात्र ग्लुकोज घ्यायला इन्सुलिनची गरजच नाही. पण साखर कमी झाली की सर्वांत आधी भांबावतो तो मेंदू, कारण त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळजवळ नाही.

चेतापेशी आणि स्नायूपेशी

मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. वजनानं मेंदू शरीराच्या 2 टक्के, पण विसाव्याच्या वेळी एकूण ऊर्जेपैकी 20 टक्के खर्च त्याचा. हा खर्च मुख्यतः सोडियम-पोटॅशियम पंपावर होतो. शांत चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असते. संदेश आला की सोडियमचे दरवाजे उघडतात आणि आतला भार मिलिसेकंदाच्या आत अधिक 30 च्या आसपास जातो. मग पोटॅशियम बाहेर पडून तो खाली येतो. शेजारच्या तुकड्यात हेच पुन्हा घडतं, आणि संदेश पुढे सरकतो. ज्या तंतूंवर मायलिनचं आवरण आहे तिथे तो गाठीगाठीवरून उड्या मारत सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो. आवरण नसलेल्या बारीक तंतूंत सेकंदाला 1-2 मीटर. पायाला ठेच लागल्यावर धक्का आधी जाणवतो आणि ठणका जरा वेळानं येतो, त्यामागे हे दोन वेग आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मायलिन जातं. तंतू शाबूत असूनही संदेश रेंगाळतो किंवा वाटेतच विरतो.

दाताला भूल देणारं लिग्नोकेन सोडियमचा दरवाजा आतल्या बाजूनं अडवतं. त्यासाठी ते आधी पेशीच्या आवरणातून आत शिरलं पाहिजे, आणि आवरणातून शिरतो तो विद्युतभार नसलेला रेणू. पू झालेल्या जागी आम्लता जास्त असते, तिथे औषधाचे बहुतेक रेणू भारित होतात आणि बाहेरच राहतात. दाताच्या मुळाशी गळू असताना भूल नीट चढत नाही त्याचं हे एक मोठं कारण, म्हणूनच दंतवैद्य लांबून जाणाऱ्या नसेजवळ इंजेक्शन देतात किंवा आधी पू काढतात.

चेतापेशीनं विभाजन सोडलं आहे. तिचा तंतू मात्र हातापायात पुन्हा वाढू शकतो, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. दंडाजवळ तुटलेली नस जोडली तर बोटांपर्यंत संवेदना पोचायला वर्षाहून अधिक काळ लागणार, हा साधा गुणाकार आहे. मेंदू आणि मज्जारज्जूत तशी वाढ जवळजवळ होत नाही. कानातल्या केसपेशींचंही तेच: एका कानात सुमारे 15,000, आणि मोठ्या आवाजानं मेलेली एकही परत येत नाही.

स्नायूपेशीच्या आत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन हे तंतू ओळीनं मांडलेले असतात. कॅल्शियम सुटलं की मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला धरतात आणि रस्सीखेचीत हात बदलत दोर ओढावा तशी ओढत जातात. एटीपी लागतं ते पकड सोडायला. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठतं, कारण एटीपी संपलेलं असतं आणि धरलेली पकड सुटत नाही.

हृदयाच्या पेशींना विसावा नाही. दिवसाला सुमारे 1 लाख ठोके. त्या एकमेकींना सूक्ष्म वाहिन्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीतला विद्युतसंदेश सरळ दुसरीत जातो आणि सगळ्या एका लयीत आखडतात. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण 20 ते 40 मिनिटांत पेशी कायमच्या मरू लागतात. मेलेल्या पेशीचं आवरण फाटून ट्रोपोनिन नावाचं आतलं प्रथिन रक्तात येतं, आणि हृदयविकाराच्या झटक्याचं निदान बहुतेक त्यावर होतं. ते पुरेसं साचायला काही तास लागू शकतात. म्हणून छातीत दुखू लागल्यावर लगेच केलेली चाचणी ठीक आली तरी घरी पाठवत नाहीत. काही तासांनी पुन्हा रक्त घेतात आणि आकडा चढतो का ते पाहतात. मेलेल्या पेशींच्या जागी व्रणाची ऊती येते, जी आखडू शकत नाही. मोठ्या माणसाच्या हृदयात वर्षाला 1 टक्का किंवा त्याहून कमी पेशी नव्या येतात. एवढ्यानं नुकसान भरून निघत नाही.

पांढऱ्या पेशी: जिथे डीएनए खरोखर बदलतो

न्यूट्रोफिल ही पहिल्या फळीची पेशी. आयुष्य काही तासांपासून काही दिवसांचं, आणि मज्जा रोज सुमारे 10,000 कोटी नव्या बनवते. जंतूला गिळून त्याच्यावर विषारी रसायनं सोडायची आणि त्यातच स्वतः मरायचं. पू म्हणजे बराचसा त्यांचाच ढीग. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना त्यातल्या पुष्कळ चिकटून बसलेल्या असतात आणि त्या मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइड दिल्यावर त्या सुटून प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशींचा आकडा चढतो. अहवाल वाचताना चालू औषधं विचारायची ती यासाठी.

बी आणि टी पेशी मात्र सुरुवातीला सांगितलेल्या नियमाला अपवाद आहेत. त्या आपल्या डीएनएचे ठरावीक तुकडे कापून वेगळ्या क्रमानं जोडतात, त्यामुळे मोजक्या जनुकांतून जंतू ओळखणारे कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक (रिसेप्टर) तयार होतात. हे उलगडून दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना 1987 साली नोबेल मिळालं. जोडणी आंधळी असल्यानं काही पेशी स्वतःच्याच शरीराला शत्रू मानतील, ही भीती असते. म्हणून छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची परीक्षा होते आणि 95 टक्क्यांहून अधिक पेशी तिथेच मरतात. या चाळणीतून निसटलेल्या पेशी स्वप्रतिकार आजारांच्या मुळाशी असतात.

नवा जंतू आला की त्याला जुळणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात. त्यांनी विभागून फौज उभी करायला आठवडा-दोन आठवडे जातात. लस घेतल्यावर लगेच संरक्षण मिळत नाही ते या कारणानं. तयार झालेली प्लाझ्मा पेशी सेकंदाला 2,000 च्या आसपास प्रतिपिंडं ओतते आणि त्याखेरीज काहीच करत नाही. मागे उरलेल्या स्मृतिपेशी पुढच्या वेळी काही दिवसांत उत्तर देतात.

यकृत, हाड, त्वचा

यकृताची पेशी वेगळी, कारण तिनं विशेष काम घेऊनही विभाजनाची क्षमता राखली. यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी उरलेला वाढून वस्तुमान भरून काढतो. पण विषं निकामी करण्याचं काम तिच्या अंगाशीही येतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो आणि पेशीत साठवलेलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला लगेच निष्प्रभ करतं. मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅमची मर्यादा आहे ती हा साठा पुरेसा राहावा म्हणून. साठा संपला की विष पेशीच्या प्रथिनांनाच चिकटतं. घात असा की पहिला दिवस माणूस बराच ठीक दिसतो आणि यकृत त्यानंतर ढासळतं. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या 8 तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून जास्त गोळ्या घेतल्याचं कळताच, लक्षणांची वाट न बघता, रुग्णालयात न्यायचं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ते मोजायचं विसरू नये.

हाड जिवंत आहे. एक पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवते, दुसरी नवं रचते. कोरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरण्याला महिने लागतात. वेगातल्या या फरकामुळे कोरण्याच्या जागा वाढल्या की हाड विरळ होत जातं. त्वचेची पेशी तळाशी जन्मते आणि वर येता येता केराटिननं भरून मरते. जी त्वचा आपण पाहतो तिचा वरचा थर मेलेल्या पेशींचाच आहे.

थांबणं आणि मरणं

शरीरात रोज सुमारे 33,000 कोटी पेशी बदलल्या जातात. त्यातल्या बहुतेक फुटून मरत नाहीत. आतून ठरवून मोडतात, लहान पुडक्यांत वाटल्या जातात आणि शेजारच्या पेशी त्या गिळतात, आजूबाजूला सूज न येता. डीएनए दुरुस्त होण्यापलीकडे बिघडला की पेशी हाच मार्ग धरते. हा मार्ग बंद पडला आणि विभाजनाचे लगामही सुटले की कर्करोगाची सुरुवात होते. एका बिघाडानं ते सहसा होत नाही. अनेक बिघाड एकाच पेशीवंशात साचावे लागतात, त्यामुळे वय वाढेल तसा धोका वाढतो. सतत विभागणाऱ्या ऊतींत कर्करोग जास्त दिसतात आणि हृदयाच्या स्नायूत अत्यंत विरळा, हेही त्याच हिशेबात बसतं. हृदयपेशीनं विभाजन सोडून जे गमावलं, त्याच्या बदल्यात तिला हे मिळालं आहे.

सोडलेलं परत मिळवता येतं का, याचं उत्तर 2006 साली शिन्या यामानाका यांनी दिलं. उंदराच्या त्वचेतल्या पेशीत फक्त चार जनुकं चालू केली आणि पेशी पुन्हा कोणत्याही प्रकारात घडू शकेल अशा मूळ अवस्थेला गेली. 2012 चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं. अशा मूळपेशींपासून आज प्रयोगशाळेत साखर ओळखून इन्सुलिन सोडणाऱ्या पेशी बनवता येतात. अडचण दोन ठिकाणी येते. टाइप 1 मधुमेहात ज्या प्रतिकारशक्तीनं मूळच्या बीटा पेशी मारल्या, ती नव्याही मारू शकते. आणि कोट्यवधी पेशींच्या त्या मात्रेत पूर्ण न घडलेल्या थोड्या जरी मूळपेशी राहून गेल्या, तर त्या शरीरात विभागत राहून गाठ बनवू शकतात. म्हणून अशी प्रत्येक खेप माणसाला देण्याआधी तिच्यात न घडलेल्या पेशी किती उरल्या आहेत, हे तपासावं लागतं.